हेलन केलर आणि बीजगणिताचा पेपर

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही महाभारताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परीक्षेत अंध विद्यार्थ्याची उत्तरे लिहून देणाऱ्यालाही लेखनिकच म्हणतात. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, त्या हेलन केलर उत्तरे स्वतः टाइप करीत. त्यांची अडचण होती ती प्रश्न वाचण्याची.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया गावी २७ जून १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. मार्च १८८७ मध्ये अ‍ॅन सुलिव्हन या शिक्षिका घरी आल्या आणि हेलनच्या हातात बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर देऊ लागल्या. हा भाग अनेकांनी शाळेत वाचला असेल. पुढची कॉलेजची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

रॅडक्लिफ कॉलेजची अंतिम प्रवेश परीक्षा जून १८९९ मध्ये झाली. सुलिव्हनबाईंना पेपर वाचून दाखवण्याची परवानगी नव्हती, म्हणून प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देण्यात आली. पण ते ब्रेल अमेरिकन पद्धतीचे, आणि हेलन बीजगणित शिकल्या होत्या इंग्लिश ब्रेलमधून. दोन्हींतील गणिताची चिन्हे वेगळी! परीक्षेच्या दोनच दिवस आधी हे कळले. आदल्या रात्रीही त्या नव्या चिन्हांशी झगडत होत्या. बीजगणित येत होते. अडवत होता तो कागद. तरीही त्या उत्तीर्ण झाल्या.

१९०० मध्ये त्या कॉलेजात दाखल झाल्या. सुलिव्हनबाई शेजारी बसून व्याख्यान हातात उतरवीत. हातच ऐकण्यात गुंतल्याने टिपणे काढता येत नसत. आठवेल तेवढे घरी येऊन लिहायचे. ब्रेलमधली पुस्तके थोडीच, त्यामुळे बाकीची अक्षर अक्षर हातावर ऐकायची. १९०४ मध्ये त्यांनी बी. ए. पदवी मिळवली. अशी पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या अंध-बधिर व्यक्ती. पुढे अंधांच्या कार्यासाठी त्या देशोदेशी फिरल्या, १९५५ मध्ये भारतातही आल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जिद्दीचे कौतुक आपण करतोच. पण त्या रात्री त्यांना असे का झगडावे लागले, हेही विचारले पाहिजे. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मिळाली, तरी पुस्तक वाचता आले नाही तर काय उपयोग? आपल्या घरांत अनेक शिक्षक-प्राध्यापक आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती : फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचा, नोट्स संगणक वाचून दाखवू शकेल अशा द्या, पेपर कोणत्या स्वरूपात हवा हे विद्यार्थ्याला आधीच विचारा. याचा फायदा शेवटच्या बाकावरच्या मुलालाही होईल.