बाईंना वर्गाबाहेर नेणाऱ्या अ‍ॅना

परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंच्या मनात एक धास्ती कायम असते. एखाद्या पोराने तळहातावर किडा आणून विचारलं, ‘बाई, हा कोणता?’ आणि आपल्याला नावच आलं नाही तर? मी शाळेत शिकवलेलं असल्यामुळे ही धास्ती मला चांगलीच ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांच्याविषयी वाचलं, तेव्हा त्या मला एकदम जवळच्या वाटल्या.

अ‍ॅनाचा जन्म १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑटो या गावचा. घर शेतकऱ्याचं. आई माळावर हिंडताना फुलांची नावं सांगायची, रात्री आकाशातले तारे ओळखायला शिकवायची. १८७४ मध्ये अ‍ॅना इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाली, पण दोन वर्षांनी शिक्षण सुटलं. १८७८ मध्ये तिथेच कीटकशास्त्र शिकवणाऱ्या जॉन हेन्री कॉमस्टॉक यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या पुस्तकांसाठी ती किड्यांची चित्रं काढू लागली, लाकडावर चित्रं कोरायला शिकली. आणि संसार सांभाळून १८८५ मध्ये राहिलेली पदवीही घेतली!

पुढे १८९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यात शेतीला मंदीचा फटका बसला. गावाकडची माणसं पोटासाठी शहर गाठू लागली. मुलांना लहानपणीच माती, झाडं, पाखरं यांची गोडी लागली तर ती शेतीत टिकतील, असं काही जाणत्यांना वाटलं. शाळांतून निसर्ग शिकवायचं ठरलं. पण शिकवणार कोण? बाई स्वतःच पुस्तकावर शिकलेल्या! म्हणजे आधी बाईंनाच शिकवायला हवं. हे काम कॉर्नेलकडे आलं आणि अ‍ॅनाबाईंनी ते अंगावर घेतलं.

त्या शिक्षिकांना शेतात, ओढ्याकाठी, रानात न्यायच्या. ज्यांना येणं शक्य नसे त्यांच्यासाठी घरबसल्या शिकायची पत्रकं असत. त्यांचं सांगणं अगदी साधं होतं. नाव येत नसेल तर मुलांना सरळ तसं सांगा आणि मिळून शोधा, त्यात कमीपणा कसला? पाठ दहा मिनिटांचा असला तरी चालेल, अर्ध्या तासाच्या पुढे नको. आणि निसर्ग हे बाईंच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं नाही. उलट दमलेल्या बाईंना मोकळा श्वास घ्यायची ती जागा आहे. हे वाचून मला तर फार बरं वाटलं.

१८९९ मध्ये त्यांना सहायक प्राध्यापकपद मिळालं. कॉर्नेलमध्ये ते मिळवणारी ही पहिलीच बाई. पण बाईमाणसाला प्राध्यापक म्हणायचं हे काही विश्वस्तांना रुचलं नाही. वर्षभरातच पद गेलं आणि त्या नुसत्या व्याख्यात्या झाल्या. काम तेच, पगारही तोच, फक्त मान काढून घेतला. आपल्यातल्या किती जणींना हे ओळखीचं वाटेल! अ‍ॅनाबाई मात्र शिकवत राहिल्या. ते पद परत मिळायला १९१३ साल उजाडलं आणि पूर्ण प्राध्यापक झाल्या त्या १९२० मध्ये, वयाच्या पासष्टीत.

मधल्या काळात, १९११ मध्ये, त्यांनी शिक्षकांसाठी ‘हँडबुक ऑफ नेचर स्टडी’ हा नऊशेहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. तो खपेल याची नवऱ्यालाही खात्री नव्हती. पण त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. त्यातला पक्ष्यांचा भाग सुरू होतो तो कोंबडीच्या पिसांपासून! दुर्मीळ काही शोधायला नको, दारातलंच बघा. प्रत्येक पाठात आधी बाईंसाठी माहिती आणि मग मुलांसाठी प्रश्न. उत्तरं मात्र मुलांनी स्वतः बघूनच द्यायची.

१९२३ मध्ये अमेरिकेतल्या १२ थोर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं. निवृत्तीनंतरही त्या उन्हाळी वर्गांत शिकवत होत्या. २४ ऑगस्ट १९३० रोजी त्या गेल्या.

तुमच्यापैकी कितीतरी जणी शिक्षिका असतील, अंगणवाडी चालवत असतील, नाहीतर घरी नातवंडं असतील. या आठवड्यात एकदा मुलांना घेऊन कडुनिंबाखाली दहा मिनिटं बसा. मुंग्या खोडावर कुठून चढतात आणि कुठे जातात, एवढंच बघा. कुणी असं काही विचारलं की जे तुम्हाला येत नाही, तर बिनधास्त सांगा, मलाही माहीत नाही, चल बघू या.