पदवीवाचून लॉर्ड

इंग्लंडमधील अर्लच्या थोरल्या पुत्रास पित्याच्या हयातीत केवळ मानाची उपाधी मिळते. खरी पदवी पित्याच्या निधनानंतरच त्याच्याकडे येते. मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, गव्हर्नर व्हियर हेन्री होबार्ट हे अखेरपर्यंत अशा मानाच्या उपाधीनेच ‘लॉर्ड’ राहिले.

त्यांचा जन्म १८१८ साली झाला. वडील रेव्ह. ऑगस्टस होबार्ट हे धर्मोपदेशक. १८४९ मध्ये ते बकिंगहॅमशायरचे सहावे अर्ल झाले. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून व्हियर तोवर लंडनच्या व्यापार खात्यात कारकून झाले होते. उपाधी लाभली तरी त्यांनी ती नोकरी सोडली नाही. १८५३ साली त्यांचा विवाह मेरी कार यांच्याशी झाला. हे माहेर महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीस परके नाही. मेरीबाईंचे वडील थॉमस कार हे मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप होत. पुढे १८६१ मध्ये होबार्ट यांनी तुर्कस्तानच्या आर्थिक स्थितीची पाहणी केली.

१८७२ साली ते मद्रासला आले. त्या काळी तेथे सुरक्षित बंदर नव्हते. जहाजे खुल्या समुद्रात नांगर टाकीत आणि माणसे व माल मसुला होड्यांतून, उसळत्या लाटांशी झुंजत, किनाऱ्यास लागत. बंदर व्हावे म्हणून होबार्ट यांनी नेट लावला. शिक्षणात मागे पडलेल्या मुसलमान समाजासाठी शाळा निघाव्यात, याकडेही त्यांनी विशेष लक्ष पुरविले.

एप्रिल १८७५ मध्ये विषमज्वराने त्यांना गाठले आणि कारकीर्द अर्ध्यावरच सरली. सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांना विसावा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बंदराची कोनशिला बसली. तो समारंभ पाहणे होबार्टांच्या नशिबी नव्हते. १८८१ च्या वादळाने ते बांधकाम उद्ध्वस्त केले, पण लोकांनी ते पुन्हा उभारले.

वृद्ध पिता पुत्रामागे दहा वर्षे जगले. १८८५ मध्ये अर्लची पदवी पुतण्याकडे गेली. मात्र चेन्नईच्या रॉयपेट्टा भागातील मुसलमान मुलींच्या शाळेने होबार्ट हे नाव जपले आहे. जन्माने मिळू घातलेला वारसा हातून निसटला; सेवेने जोडलेले नाव परक्या भूमीत, परधर्मीय लेकींच्या ओठी राहिले.