वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : क्वेट्टा, १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. कर्करोग, कुष्ठरोग आणि रक्तगट या तीन क्षेत्रांत त्यांनी मूलभूत स्वरूपाचे काम केले. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. कर्करोगाचे मूळ माणसाच्या वंशात नव्हे, तर त्याच्या राहणीत आणि सवयींत शोधले पाहिजे, ही दृष्टी त्यांनी भारतीय वैद्यकाला दिली. त्वचेचा रंग, ऊन आणि त्वचेचा कर्करोग यांच्या परस्परसंबंधाचा विचार करतानाही त्यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते.

जीवन आणि शिक्षण

खानोलकर यांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात, तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील क्वेट्टा या शहरी झाला. उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्यानंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. शवविच्छेदन आणि सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींचा अभ्यास म्हणजे केवळ निदानाचे साधन नसून संशोधनाचा पाया आहे, हा संस्कार त्यांनी विद्यार्थ्यांवर केला.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. खानोलकर तेथे प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येणारे, वेगवेगळ्या जातिधर्मांचे, व्यवसायांचे आणि आहारविहाराचे कर्करुग्ण एकाच ठिकाणी पाहण्याची संधी या रुग्णालयामुळे प्रथमच मिळाली. तिचा उपयोग त्यांनी पद्धतशीरपणे केला.

वंश की सवय?

हिंदुस्थानी लोकांना कर्करोग फारसा होत नाही, तो सुधारलेल्या पाश्चात्त्य समाजांचा रोग आहे, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बराच रूढ होता. खानोलकर यांनी रुग्णालयातील नोंदींच्या आधारे या समजाची तपासणी केली. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या कर्करोगप्रवणतेवरील त्यांचा लेख त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९४५ साली आला. भारतीयांना कर्करोग होतोच. मात्र तो शरीराच्या कोणत्या भागाला होईल, हे समाजासमाजांत वेगळे असते, असे या अभ्यासांतून दिसून आले. तंबाखू खाणारे आणि विडी ओढणारे यांच्या तोंडातील रोगाच्या जागाही सारख्या नव्हत्या.

या फरकाचे कारण रक्तात किंवा कातडीच्या रंगात नसून नित्याच्या आचारात आहे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते. वंश बदलता येत नाही, सवय बदलता येते. त्यामुळे या निष्कर्षाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर सामाजिक महत्त्वही होते. रोग टाळता येण्याजोगा आहे, असे मानण्यास त्यातून आधार मिळाला.

धोतराचा कर्करोग

१९४५ साली खानोलकर यांनी एका सहलेखिकेबरोबर अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात, रूढींमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या भारतातील तीन नव्या प्रकारांचे वर्णन केले. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याच्या आंध्र किनारपट्टीवरील प्रथेमुळे टाळूला होणारा कर्करोग हा एक प्रकार. तंबाखू व चुना यांची खैनी ओठाआड धरून ठेवल्याने होणारा कर्करोग हा दुसरा, आणि धोतराचा कर्करोग हा तिसरा.

वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसलेल्या धोतराच्या काठाने तेथील त्वचा सतत घासली जाते. घाम आणि मळ यांमुळे घर्षणाचा त्रास वाढतो. त्वचेचा रंग बदलतो, ती राठ व जाड होते, पुढे तेथे न भरणारा व्रण पडतो आणि क्वचित प्रसंगी त्यातून कर्करोग उद्भवतो. परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांमध्येही कमरेवर असाच विकार होत असल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकात नंतर झाल्या. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगल्याने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासूनच वैद्यकाला माहीत होता. धोतराचा कर्करोग हा त्याच मालिकेतील होता.

या निरीक्षणातील विशेष असा की, गोऱ्या लोकांमध्ये त्वचेचा कर्करोग प्रामुख्याने चेहरा, कान, मान आणि हातांची पाठ अशा उघड्या भागांवर आढळतो, तर येथे तो कापडाखाली झाकलेल्या भागावर आढळत होता. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला जो रोग झाला नाही, तो त्याच्या कमरेला झाला. त्वचेतील रंगद्रव्याने उन्हापासून बरेच रक्षण केले. परंतु रोजच्या घर्षणापासून ते रक्षण करू शकले नाही.

ऊन आणि त्वचेतील रंगद्रव्य

माणसाच्या त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याचे प्रमाण, प्रकार आणि त्याच्या कणांचा आकार यांत. हे कण त्वचेच्या पेशीतील केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून तेथील डीएनएचे रक्षण करतात. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच हे रंगद्रव्य नसते, अशा भारतीयांना उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. यावरून संरक्षण वंशामुळे नव्हे, तर रंगद्रव्यामुळे मिळते हे स्पष्ट होते.

त्वचा रापणे ही प्रत्यक्षात इजेनंतरची प्रतिक्रिया आहे. अतिनील किरणांनी पेशीतील डीएनएला धक्का पोहोचला की त्वचा अधिक रंगद्रव्य तयार करू लागते. अशा रापलेपणातून मिळणारे संरक्षण बेताचेच असते. ते साधारणपणे तीन ते चार संरक्षण गुणांकाच्या सनस्क्रीनइतके मानले जाते. ते मिळवण्यासाठी झालेली हानी मात्र पेशींत साठत जाते.

युरोपातील सूर्यस्नानाची लाट

खानोलकर लंडनमध्ये शिकत होते तो काळ युरोपच्या उन्हाविषयीच्या दृष्टिकोनात मोठा पालट होण्याचा होता. त्याआधी तेथे उजळ कांती ही प्रतिष्ठेची आणि रापलेली कातडी ही शेतमजुरीची खूण समजली जाई. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामांत क्षयरोग्यांना उन्हात झोपवून उपचार केले जाऊ लागले. मुडदूस या रोगावर ऊन गुणकारी असल्याचेही सिद्ध झाले. १९२०च्या दशकात रापलेली कांती ही आरोग्याची, फुरसतीची आणि श्रीमंतीची निशाणी बनली. समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास पडून राहणे ही फॅशन झाली.

धोक्याची सूचना याच काळात मिळत होती. सतत उन्हावाऱ्यात काम करणाऱ्या खलाशांच्या त्वचेतील कर्करोगजन्य बदलांचे वर्णन जर्मनीत १८९४ सालीच झाले होते. अतिनील किरणांमुळे उंदरांच्या त्वचेवर कर्करोगाच्या गाठी येतात, हे १९२८ साली प्रयोगाने दाखवले गेले. तरीही हौस ओसरली नाही. पुढे कृत्रिम अतिनील दिव्यांखाली त्वचा रापवण्याची केंद्रे निघाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यप्रारणाचा आणि २००९ साली त्वचा रापवण्याच्या अतिनील उपकरणांचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला.

धोतर, चुट्टा, खैनी आणि कांगडी यांच्या शेजारी सूर्यस्नानाची हौस ठेवली, तर खानोलकर यांचा सिद्धान्त तेथेही लागू पडतो. गोरेपणा हा रोग नव्हे. गोऱ्या त्वचेला अतिरेकी ऊन देण्याची रूढी धोका वाढवते.

कुष्ठरोग व रक्तगटविषयक संशोधन

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचा खानोलकर यांनी सूक्ष्म अभ्यास केला. तो १९५१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध केला. या रोगाच्या जंतूंची ओढ मज्जातंतूंकडे असते आणि रोगाची सुरुवात समजण्यासाठी त्वचेतील बारीक मज्जातंतू तपासले पाहिजेत, हे त्यांनी दाखवले. त्वचेवरील फिकट व बधिर चट्ट्याकडे केवळ रंगाचा दोष म्हणून पाहिले जाण्याच्या काळात या संशोधनाला विशेष मोल होते.

मुंबईतील अंतर्विवाही समाजगटांच्या रक्तगटांचा व इतर आनुवंशिक गुणांचा अभ्यासही त्यांनी सहकाऱ्यांसह केला. आनुवंशिकतेचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही. रोगाचे कारण पुराव्याशिवाय तिच्या माथी मारणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

संस्थात्मक कार्य

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर हे पहिले संचालक होते. ऊतिसंवर्धन, प्रायोगिक जीवशास्त्र आणि लोकसंख्येतील रोगप्रसाराचा अभ्यास या शाखा तेथे विकसित झाल्या. पेशीवैज्ञानिक डॉ. कमल रणदिवे या त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या संशोधकांपैकी एक होत. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्साराला सामोरे जाणाऱ्या लोकांच्या आरोग्याचा प्रश्नही त्यांनी हाताळला.

१९५० ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्ष होते. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. अणुऊर्जा विभागाच्या जीवशास्त्रीय व वैद्यकीय सल्लागार समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यानंतर त्यांची वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

आजच्या काळातील महत्त्व

भारतीय समाजात रापण्याची हौस कधी रुजली नाही. येथे उलट टोक दिसते. उन्हाने काळवंडणे हे कमीपणाचे मानले जाते आणि विवाहाच्या जाहिरातींत गोऱ्या वर्णाची अपेक्षा उघडपणे व्यक्त होते. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचे नाव २०२० साली बदलण्यात आले, तरी उजळपणाची ओढ टिकून आहे. वैद्यकीय सल्ल्याविना वापरलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी त्वचा पातळ होते, तर पारायुक्त क्रीममुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रंग बदलण्यासाठी त्वचेला इजा करून घेणे, हे दोन्ही टोकांना समान आहे.

काळसर त्वचेला उन्हाची बाधा होतच नाही, हाही गैरसमज आहे. अतिउन्हामुळे वांग वाढतात, सुरकुत्या लवकर पडतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा त्वचेचा गंभीर कर्करोग विरळ असला, तरी तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नसल्याने तेथील वाढत्या काळ्या डागाकडे दुर्लक्ष होते आणि निदानास उशीर होतो. दुसरीकडे, भरपूर ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास आढळते. म्हणून ऊन पूर्णपणे टाळणे हा उपाय नाही. दुपारच्या प्रखर उन्हात डोके व अंग झाकणे, सावलीचा आश्रय घेणे आणि न भरणारी जखम किंवा बदलणारा डाग वेळीच डॉक्टरांना दाखवणे एवढी सावधगिरी आवश्यक ठरते.

मृत्यू आणि स्मृती

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी खानोलकर यांचे निधन झाले. त्यांनी उभे केलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने टाटा स्मारक केंद्राचा भाग बनले. ही संस्था नंतर नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आली. तेथील संशोधनाच्या इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. धोतर नेसण्याची पद्धत मागे पडल्याने धोतराचा कर्करोग आता विरळ झाला आहे. तंबाखूमुळे होणारा मुखकर्करोग मात्र आजही भारतातील एक प्रमुख कर्करोग आहे.