पितळी भांड्याविरुद्ध भांडलेला आमदार

माल घेणाऱ्यानेच प्रत ठरवायची, ही तऱ्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातही होती. तिच्याशी भिडले इग्नेशियस डॉनेली. जन्म १८३१ चा, फिलाडेल्फियातला, पेशा वकिलीचा. मिनेसोटात निनिंजर नावाचं शहर वसवायला गेले अन् १८५७ च्या मंदीत बुडाले. मग त्याच जमिनीत गहू पेरला. पुढे सहा वर्षं खासदार, तर १८७४ पासून राज्याच्या सिनेटमध्ये.

मिनियापोलिसचे गिरणीवाले पितळेच्या छोट्या भांड्यात थोडासा गहू तोलायचे आणि त्यावरून सगळ्या मालाची प्रत लावायचे. भांडं हलकं भरलं की वजन कमी, प्रत खाली, भाव खाली. शेतकऱ्याने दाद मागायची कुणाकडे? १८७८ च्या संसद निवडणुकीत डॉनेली यांनी हे भांडंच प्रचारात आणलं. समोर वॉशबर्न, खुद्द गिरणीमालक. डॉनेली पडले.

पण शेतकऱ्यांचा रेटा थांबला नाही. १८८५ साली कायदा होऊन धान्याची तपासणी व प्रतवारी सरकारी निरीक्षकांकडे गेली. पुढच्याच वर्षी डॉनेली पुन्हा आमदार झाले. बुडालेल्या अटलांटिस बेटावरच्या पुस्तकाने त्यांचं नाव जगभर झालं, ते वेगळंच! १ जानेवारी १९०१ रोजी ते वारले.