साठीत छापलेले पुस्तक

गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरी नावाचे गाव आहे. तेरेखोलची खाडी तेथे समुद्राला मिळते. काही वर्षांपूर्वी त्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीची वाट पाहत उभे होतो. सोबत एक बाई होत्या. वय चाळिशीच्या पुढचे. संध्याकाळच्या प्रौढ वर्गात जाऊन नुकत्याच वाचू लागलेल्या. त्यांनी संकोचत आम्हांस विचारले, की या वयात अक्षरे शिकणाऱ्या बाईने दोन ओळी जुळवल्या तर त्यांना कोणी कविता म्हणेल काय? परदेशात प्रौढ विद्यार्थ्यांच्या कवितेला बक्षिसे असतात, असे त्यांच्या कानावर आले होते. आपल्याकडे काय आहे?

आम्ही त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली. आमच्या बहुतेक वाचकांस ती ठाऊक असेल; पण शब्बाथशाळेत ती सहसा रेव्हरंड टिळकांच्या चरित्रातील एक पान म्हणून सांगितली जाते, आणि हे आम्हांस बरे वाटत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरातील लेकरांना त्याचा जाच होई. शाळेचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, विद्वान आणि फिरस्ते. आज या गावी तर उद्या त्या. त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली, पण गुरूचा पाय एका जागी ठरेना. शिकवणी सुरू होई आणि खंडत जाई. जे काही शिक्षण झाले ते असे, संसाराच्या फटीतून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. आपण मंडळीत हा प्रसंग सांगताना पुष्कळदा घाईने पुढे जातो, आणि त्या बाईचे दुःख तसेच मागे राहते. ते हलके नव्हते. याच काळात त्या दुःखाला कवितेची वाट सापडली. नवरा कवी होता म्हणून नव्हे, तर मन मोकळे करायला दुसरी जागा उरली नव्हती म्हणून त्या रचू लागल्या, असे आम्हांस वाटते.

पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण धर्म बदलून नव्हे. काही काळ त्यांनी आपले सोवळे वेगळे सांभाळले आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. जातीभेदाविषयी त्यांचे मन आपले आपणच पालटत गेले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांनी हाती घेतलेले पद्यमय ख्रिस्तचरित्र, ‘ख्रिस्तायन’, दहाएक अध्यायांवर थांबले होते. गोव्यात राहून आपली भाषा शिकलेल्या फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले होते; त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठीत चाललेले हे मोठे काम अर्धवट पडणार असे दिसत होते. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळा न पाहिलेल्या या विधवेने ते उचलले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. शेवटचा हात मुलाने, देवदत्तांनी, फिरवला. पतीने पाया घातला हे खरे. पण भिंती कोणी चढवल्या ते मोजून पाहावे.

देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असा त्यांचा आग्रह. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक झाले. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय सहासष्ट होते. घरात बोलतो तशी भाषा, स्वतःलाही हसण्याची तयारी, आणि नवऱ्याचा विसराळूपणा व राग न लपवता सांगण्याचे धैर्य त्यात आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. त्यांच्या कवितांचा संग्रह ‘भरली घागर’ निघाला तो १९५१ साली. ज्यांना लिहिता-वाचता येतच नव्हते त्या खानदेशातील बहिणाबाई चौधरींची गाणीही पुढच्याच वर्षी, त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली.

आता बक्षिसाचे. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत कवीच्या पहिल्या संग्रहाला दिला जाणारा पुरस्कार बहिणाबाईंच्या नावाचा आहे, आणि प्रौढ वाङ्मयातील आत्मचरित्राचा पुरस्कार लक्ष्मीबाईंच्या नावाचा. प्रौढ वाङ्मय म्हणजे मुलांसाठी नसलेले लेखन, एवढाच तेथे अर्थ. पण मोठेपणी अक्षरे शिकलेल्या बाईच्या नावापुढे तो शब्द आम्हांस फारच शोभून दिसतो. विद्यापीठांत शिकलेली माणसे या दोघींच्या नावाचे पुरस्कार घेतात.

फेरीबोट धक्क्याला लागली. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि पुस्तकाचे नाव लिहून द्या म्हणाल्या. आम्ही लिहून दिले. पहिल्या जोडाक्षरापाशी त्या अडल्या, ओठांनी दोनदा चाचपले, आणि मग उरलेले नाव त्यांनी सरळ वाचले.