हिल्डे मॅन्गोल्ड : एका अल्पायुषी शास्त्रज्ञेचे चरित्र

थोरांच्या चरित्रमालिकेत बहुधा दीर्घायुषी व मानसन्मान पावलेल्या पुरुषांचीच नावे आढळतात. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे अशा एका स्त्रीचे चरित्र ठेवीत आहो, की जिला आयुष्याची सव्वीस वर्षेही पुरती लाभली नाहीत, आणि जिच्या कार्याचे फळ जगाने पाहिले तेव्हा ती हयात नव्हती. भ्रूणातील साध्या पेशींतून मेंदू व मज्जातंतू कसे निर्माण होतात, या गहन प्रश्नाचे दार तिने उघडून दिले.

हिल्डे प्रोशोल्ट हिचा जन्म 20 ऑक्टोबर 1898 रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात गोटा या गावी झाला. महायुद्धाच्या धामधुमीत तिचे शालेय शिक्षण झाले. मुलींनी विद्यापीठात शास्त्र शिकावे ही गोष्ट त्या काळी युरोपातही विरळाच होती. तरी ती प्रथम येना व नंतर फ्रांकफुर्ट येथील विद्यापीठांत गेली. फ्रांकफुर्ट येथे हान्स श्पेमान या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञांचे व्याख्यान तिच्या कानी पडले, आणि त्या एका व्याख्यानाने तिच्या आयुष्याची दिशा ठरली. 1920 साली ती फ्रायबुर्ग येथे श्पेमान यांची विद्यार्थिनी झाली.

तिच्या वाट्याला आलेले पहिले काम मात्र फसले. पाण्यात राहणारा हायड्रा नावाचा एक चिमुकला जीव आहे. त्याचे शरीर पायमोजाप्रमाणे आतून बाहेर उलटावयाचे, असे ते काम होते. पुष्कळ खटपट करूनही यश येईना, तेव्हा तिने गुरूंकडे दुसरा विषय मागितला. आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात धरावी. पहिल्या अपयशाने तिने प्रयोगशाळा सोडली नाही. मागितला तो विषय, रजा नव्हे.

नवा विषय समजण्यासाठी थोडी प्रस्तावना अवश्य आहे. प्रत्येक प्राणी प्रारंभी एकच पेशी असतो. तिचे दोन, चार, आठ असे विभाजन होत होत पेशींचा एक गोळा बनतो. या पेशी आरंभी दिसण्यात जवळजवळ सारख्याच असतात. परंतु पुढे काहींची त्वचा होते, काहींची हाडे होतात, काहींचा मेंदू होतो. कोणी काय व्हावयाचे, हे ठरविते कोण?

हा प्रश्न हिल्डेने न्यूट नामक प्राण्यास विचारला. न्यूट हा पालीसारखा दिसणारा, परंतु बेडकाच्या वर्गातील प्राणी होय. त्याच्या दोन जाती तिने घेतल्या. एकीचे भ्रूण फिके व दुसरीचे काळसर. फिक्या भ्रूणाच्या एका विशिष्ट कडेचा सूक्ष्म तुकडा काढून तो काळसर भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसवावयाचा, म्हणजे पुढे कोणती पेशी कोणाची हे रंगावरूनच ओळखता यावे. भ्रूण दोन मिलिमीटरांच्या आतबाहेर. हत्यारे म्हणजे काचेच्या अतिसूक्ष्म सुया व तान्ह्या मुलाच्या केसाचा फास. जंतुनाशक औषधे आजच्यासारखी नसल्यामुळे बहुतेक भ्रूण कुजून मरत. शिवाय न्यूटांचा विणीचा हंगाम वसंतातच येत असल्याने, एक हंगाम हुकला की वर्ष गेले. 1921 व 1922 या दोन वसंतांत तिने शेकडो कलमे केली. निकाल सांगण्याजोगे भ्रूण बोटांवर मोजण्याइतकेच हाती लागले.

परंतु त्या थोडक्यांनी जे दाखविले ते अद्भुत होते. काळसर भ्रूणाच्या पोटावर दुसरा एक भ्रूण आकार घेऊ लागला होता. त्यास स्वतःची मज्जानलिका होती, आणि ती मज्जानलिका मुख्यतः काळसर, म्हणजे यजमानाच्याच, पेशींची होती! ज्या पेशींची एरवी पोटाची कातडी झाली असती, त्यांस त्या पाहुण्या तुकड्याने मज्जासंस्थेचा मार्ग दाखविला होता. या तुकड्यास संयोजक असे नाव देण्यात आले.

याच सुमारास, 1921 च्या ऑक्टोबरात, श्पेमान यांचे सहायक ओटो मॅन्गोल्ड यांच्याशी तिचा विवाह झाला. 1923 साली हिल्डेबाईंनी आपला प्रबंध पुरा केला. तो 1924 साली छापला गेला, तेव्हा त्यावर गुरूंचे नाव प्रथम व त्यांचे दुसरे होते. ही गोष्ट त्यांस रुचली नव्हती, असे त्यांचे सहाध्यायी व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी पुढे नमूद केले आहे. त्यांचा पुत्र अद्याप तान्हा होता. 4 सप्टेंबर 1924 रोजी, स्वयंपाकाच्या शेगडीचा भडका होऊन भाजल्यामुळे हिल्डेबाईंचा अंत झाला.

1935 साली श्पेमान यांस याच शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मृतांस ते पारितोषिक देत नाहीत. गुरूंची कल्पकता थोर होती यात शंका नाही. तथापि ती कल्पना ज्या हातांनी सत्य करून दाखविली, ते हात विसरणे न्यायाचे नव्हे, असे आम्हांस वाटते. आज शास्त्रीय ग्रंथांत त्या तुकड्यास श्पेमान-मॅन्गोल्ड संयोजक असे जोडनावाने संबोधितात, हे योग्यच होय.

संयोजक करतो तरी काय? मारून टाकलेला संयोजकही परिणाम घडवितो, हे 1932 साली दिसून आले. म्हणजे किमया कोणत्या तरी द्रव्याची होती. त्या द्रव्याचा शोध साठ वर्षे चालला. अखेर कॅलिफोर्नियातील संशोधकांस 1992 साली नॉगिन व 1994 साली कॉर्डिन ही प्रथिने सापडली. आमच्या शेतकरी पालकांस त्यांचे कार्य सहज उमगेल. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी सर्वांस एकच. परंतु रात्री दारे धरणारा मनुष्य ज्या वाफ्याचे तोंड मोकळे करील तो भिजतो, बुजवील तो कोरडा राहतो. तद्वत प्रत्येक पेशीत जनुकांचा संच जवळजवळ एकच असतो. कोणती जनुके चालावयाची व कोणती बंद राहावयाची, यावर पेशीचे भवितव्य ठरते. भ्रूणातील पेशींस त्वचा व्हा असा निरोप एक प्रथिन सतत देत असते. नॉगिन व कॉर्डिन तो निरोप वाटेतच अडवितात. निरोप न पोचलेल्या पेशींत मज्जासंस्थेची जनुके एकामागून एक जागी होतात. उलटपक्षी त्वचेच्या वा यकृताच्या पेशींत यांपैकी पुष्कळ जनुके रेस्ट नावाच्या एका प्रथिनाने जणू कुलूपबंद केलेली असतात. पेशी मज्जापेशी होऊ लागली की हे कुलूप निघते. 2009 साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी मानवी मूलपेशींस हेच नॉगिन व जोडीस दुसरे एक रोधक द्रव्य देऊन, काचपात्रात त्यांस मज्जासंस्थेच्या मार्गास लाविले. मेंदूच्या व्याधींचा अभ्यास आज अशा पेशींवर चालतो.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्रासही परकी नाही. पक्ष्यांच्या भ्रूणातही संयोजक असतो, हे कॉनराड वॉडिंग्टन यांनी दाखविले. त्यांच्या एडिंबरो येथील संस्थेत लीला मुल्हेरकर या विदुषींनी कोंबडीच्या भ्रूणावर याच विषयाचे संशोधन केले. 1957 साली त्या दोघांचा संयुक्त निबंध व 1958 साली लीलाबाईंचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी हे शास्त्र रुजविले.

असो. परमेश्वराने प्रत्येकास किती वसंत द्यावे हे मनुष्याच्या हाती नाही; हिल्डेबाईंस संशोधनास दोनच मिळाले, व ते त्यांनी वाया दवडले नाहीत. पालकांस आमची इतकीच विनंती आहे की, बुद्धिमान कन्येस शाळेतून काढण्याचा विचार मनात येईल, त्या वेळी एकवार या चरित्राचे स्मरण करावे. गोटा गावच्या त्या मुलीस घरच्यांनी घरीच ठेविले असते, तर ते दार आणखी किती काळ बंद राहते, कोण जाणे!