शिरूरचा ‘सत्पुरुष’ : कर्नल विल्यम वॉलेस

पुणे-नगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी वसलेले शिरूर हे गाव एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे दख्खनमधील मोठे ठाणे होते. या छावणीचा प्रमुख असलेला एक इंग्रज सेनाधिकारी १८०९ मध्ये येथेच वारला आणि येथल्याच मातीत त्याचे दफन झाले. पुढे काही विलक्षणच घडले. ज्या मुलखाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यासाठी तो आला होता, त्याच मुलखातील शेतकरी त्याच्या थडग्यापुढे सुगीच्या पहिल्या धान्याचा नैवेद्य ठेवू लागले. कंपनीच्या दप्तरातील कर्नल विल्यम वॉलेस लोकांच्या तोंडी ‘सत्पुरुष’ झाला.

वॉलेस ७४ व्या हायलँड रेजिमेंटचा अधिकारी होता. त्याला दख्खनमध्ये आणणाऱ्या घटनांची सुरुवात पुण्याच्या वेशीवर झाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या राज्यात कायमची राहील, हे या तहाने ठरले. मराठी सत्तेच्या गळ्याभोवती पडलेला हा फास होता.

त्यानंतर वर्षभरात आर्थर वेलस्लीच्या हाताखाली वॉलेस दख्खनभर लढला. ऑगस्ट १८०३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, पेठ कंपनीने शिड्या लावून घेतली. त्या हल्ल्यातील एका तुकडीचे नेतृत्व वॉलेसकडे होते. २३ सप्टेंबर रोजी असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. मराठ्यांच्या तोफखान्याने तेथे असा मारा केला की, कंपनीकडील मृत आणि जखमींची संख्या दीड हजारावर गेली. ७४ व्या रेजिमेंटची तर अक्षरशः चाळण झाली. या लढाईत वॉलेस एका ब्रिगेडचा प्रमुख होता.

डिसेंबर १८०३ मध्ये मेळघाटातील गाविलगडाला वेढा पडला. त्या वेळचा वॉलेसचा एक किस्सा इंग्रजी लष्करी आठवणींत सांगितला जातो. एक अवजड तोफ रात्रीतून अवघड चढावर न्यायची होती. ते अशक्य असल्याचे हाताखालच्या अधिकाऱ्याने कळविले. त्यावर, हुकूम आपल्या खिशात आहे, तेव्हा अशक्य हा शब्दच उरत नाही, असे वॉलेसने त्याला सुनावले. हुकमाचा ताबेदार, करड्या शिस्तीचा आणि हट्टी असा हा माणूस होता. साधुत्वाची कोणतीही खूण त्याच्या या चरित्रात दिसत नाही.

१८०४ च्या मध्यास वेलस्ली कलकत्त्याकडे रवाना झाला आणि दख्खनमधील फौजेची सूत्रे वॉलेसकडे आली. त्याच वर्षी त्याने होळकरांकडून चांदवड घेतले, पाठोपाठ गाळणाही जिंकला. हा काळ भीषण दुष्काळाचा होता. १८०३-०४ मध्ये पुणे आणि नगरच्या परिसरात पिके बुडाली, फौजांच्या येण्याजाण्याने उरलेसुरले धान्यही गेले आणि गावेच्या गावे ओस पडली. या होरपळलेल्या मुलखाच्या मधोमध असलेल्या शिरूरला वॉलेसची अखेरची वर्षे गेली.

त्याच्या मृत्यूनंतर साडेआठ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, याच शिरूरमधून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढली. पेशवाई बुडाली. वॉलेसने सांभाळलेल्या छावणीने आपले काम पूर्ण केले होते.

१८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने वॉलेसच्या थडग्याची नोंद घेतली आहे. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता शिरूर व आसपासच्या गावांतील सर्व हिंदू तेथे पूजा करतात, सुगीत धान्याचा नैवेद्य दाखवतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे मृत्यूनंतर पाऊणशे वर्षे हा भक्तिभाव टिकून होता. म्हसोबा, वेताळ, वीर अशा शिवारातल्या राखणदारांच्या पंक्तीत एका परक्या कर्नललाही जागा मिळाली होती. ती त्याला सरकारी हुकमाने मिळाली नव्हती.

लष्करी नावांचा वाद आज जगभर गाजतो आहे. अमेरिकेत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील बंडखोर सेनापतींची नावे 9 लष्करी तळांना होती. संसदेने कायदा केल्यानंतर २०२३ मध्ये ती बदलण्यात आली. फोर्ट ब्रॅगचे फोर्ट लिबर्टी झाले. २०२५ मध्ये जुनी आडनावे परत आली, मात्र त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधून. पाटी तीच, माणूस वेगळा, असा हा तोडगा होता.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. सातारा आणि नागपूरची राज्ये खालसा करणाऱ्या डलहौसीचे नाव मुंबईतील नौदल तळाला होते. १९५१ मध्ये तो तळ ‘आयएनएस आंग्रे’ झाला. इंग्रजांनी ज्यांना चाचा ठरवले, त्या कान्होजी आंग्रे यांचा हा उचित सन्मान होता. दौंडजवळ भीमाकाठी पेडगावला मोगल सरदार बहादूरखानाच्या नावाचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून तेथे आणले गेले. तो किल्ला आता धर्मवीरगड म्हणूनही ओळखला जातो. या बदलांमागची वेदना खरी आहे. जेत्याने लादलेले नाव पुसण्याचा हक्क जिताला असतोच.

पण प्रत्येक नावाला हाच नियम लागू पडत नाही. शिरूरला दीर्घकाळ मुक्काम असलेले, १८१७ मध्ये कंपनीसाठी उभे राहिलेले घोडदळ ‘पूना हॉर्स’ या नावाने आजही भारतीय लष्करात आहे. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी याच रेजिमेंटमध्ये हौतात्म्य पत्करून परमवीर चक्र मिळवले. नाव तेच राहिले, पण त्याचा अर्थ रक्ताने बदलला. कोरेगावच्या विजयस्तंभाचेही तसेच झाले. कंपनीने आपल्या विजयासाठी उभारलेल्या त्या स्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि तो दलितांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनला.

वॉलेसची गोष्ट या सर्वांहून वेगळी आहे. लोकांनी त्याचे नाव पुसले नाही आणि मिरवलेही नाही. त्यांनी त्याचा हुद्दा, पलटण आणि विजय बाजूला ठेवले आणि त्याला आपल्या भाषेतले नवे नाव दिले. त्या नैवेद्याने असईचा रक्तपात किंवा मराठी राज्याचा घास घेणारी राजनीती क्षम्य ठरत नाही. इतिहासाने वॉलेसला आक्रमक सत्तेचा कर्तबगार सेनानी म्हणूनच पाहिले पाहिजे. सरकारने दिलेले नाव सरकार बदलू शकते. शिरूरच्या शेतकऱ्यांनी मात्र आपला ‘सत्पुरुष’ कोणत्याही सरकारला न विचारता निवडला होता.